एग्मोर ते तंजावर, पायी

सकाळी सकाळी दारावरची बेल वाजली की माझं डोकं फिरतं. त्यातून तो पोंगलच्या आधीचा आठवडा होता, बँकेत गर्दी उसळलेली, आणि मी एका हातात पोळीचं पीठ घेऊन दुसऱ्या हातानं डबा शोधत होते. "मकरंद, दार!" म्हणून मी ओरडले. मकरंद आंघोळीला गेला होता. माझ्या नवऱ्याला बेल वाजायच्या आधी कशी कळते आणि तो नेमका तेव्हाच आंघोळीला कसा जातो, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही उमगलेलं नाही.

दार उघडलं तर समोर एक उंच, सडपातळ म्हातारे गृहस्थ. कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, कपाळावर उभं गंध आणि गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी. हातात पितळी ताट. ताटात कुंकवाचा करंडा, विड्याची पानं आणि सुपारी.

"आपण मराठे कीं?" त्यांनी विचारलं.

"हो," मी म्हटलं, आणि पिठाचा हात मागं लपवला.

"मी माधवराव. एग्मोर–तंजावर पॅसेंजरचा गार्ड. आतां रिटायर. येत्या काणुम पोंगलास आमच्या बागेस आपण सर्वांनीं यावें. मुलें, पावणे, कोणी असतील ते सर्व. अगत्य करून यावें."

असं मराठी मी फक्त जुन्या बखरींच्या धड्यांत वाचलं होतं. ते कुणाच्या तोंडून, तेही अण्णा नगरच्या तिसऱ्या मजल्यावर, ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आम्ही नाशिकची माणसं. मी बँकेच्या बदलीनं आले होते आणि मकरंद मोटारीच्या कारखान्यात लागला होता. तंजावरकडचे मराठे चेन्नईत पुष्कळ आहेत हे ऐकून माहीत होतं, पण ताट घेऊन दारात आलेले हे पहिलेच. त्यांनी ताट पुढं केलं. मी डाव्या हाताच्या बोटानं कुंकू लावून घ्यायला गेले, तर "हात धुवून या, मी थांबतो" म्हणाले. मी निमूटपणे हात धुऊन आले. मी निमूटपणे काही केलं असं वर्षातून फारदा घडत नाही.

मग कळलं की त्यांचा मुलगा अरुण आमच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहतो. माधवराव आणि त्यांची बायको चेंगलपट्टूच्या पुढं, एका लहानशा स्टेशनजवळच्या खेड्यात राहतात. तिथं त्यांची बाग आहे. काणुम पोंगल म्हणजे पोंगलच्या सणातला शेवटचा, भेटीगाठींचा आणि हिंडण्याफिरण्याचा दिवस. त्या दिवशी सगळं चेन्नई डबे बांधून समुद्रावर लोटतं, आणि माधवरावांची बाग वाटेल त्याला खुली असते. येणाऱ्याला काही द्यावं लागत नाही.

"मग पाटी लावायची ना बाहेर," मी म्हटलं. "दारोदार कशाला फिरता या वयात?"

त्यांना ते मुळीच आवडलं नाही. "पाटी वाचून माणूस येतो काय? पाटी म्हणजे बोलावणें नव्हे. माणसानें माणसाच्या दारास जाऊन बोलाविलें पाहिजे. न बोलाविलेलें माणूस येईल कशास?"

एवढं बोलून ते समोरच्या विजयालक्ष्मींच्या दाराकडे वळले आणि तीच सगळी प्रस्तावना तमिळमध्ये सुरू झाली.

काणुम पोंगलच्या सकाळी आम्ही एग्मोरहून गाडी धरली. मकरंद कुरकुरत होता. सुट्टीच्या दिवशी अनोळखी म्हाताऱ्याची झाडं बघायला जाणारे आपण दोघेच, असं त्याचं म्हणणं. चेंगलपट्टूला उतरून बसनं पुढं गेलो तर बसमधले निम्मे लोक तिकडेच निघालेले. विजयालक्ष्मी सगळं घर घेऊन आल्या होत्या. आमच्या इमारतीचा वॉचमन बायकोसह होता. मकरंदची कुरकुर थांबली, कारण विजयालक्ष्मींच्या डब्यातून वडे निघाले.

बाग भाताच्या शेतांच्या कडेला होती. पुढं छोटं कौलारू घर, त्याला लांबरुंद ओटा, आणि घराच्या बाजूनं एक लाकडी फाटक. फाटकावर पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत तमिळ, इंग्रजी आणि चक्क मराठीत लिहिलेलं: एग्मोर.

ही बाग म्हणजे माधवरावांची गाडीची लाईन होती. नोकरीत असताना ते ज्या जुन्या छोट्या लाईनवर फिरले, तिच्या प्रत्येक स्टेशनावरून त्यांनी एकेक रोप आणलं होतं. पूर्वी स्टेशनमास्तर हौसेनं स्टेशनात बागा करायचे. समोरच्या गाडीसाठी पॅसेंजर खोळंबून राहिली की माधवराव खाली उतरून एखादी फांदी, एखादा कंद मागून घ्यायचे आणि गार्डच्या डब्यात, म्हणजे ब्रेकव्हॅनमध्ये, ठेवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती सगळी झाडं जशीच्या तशी लाईनच्या क्रमानं लावली. फाटकाशी एग्मोर, मग तांबरमची कर्दळ, चेंगलपट्टूचा जास्वंद, तिंडीवनमची चिंच, असं करत बाग वळणावळणानं मागच्या ओढ्यापर्यंत जायची. पायवाटेला दोन्ही बाजूंना विटांची कड होती आणि वाटेची रुंदी बरोबर एक मीटर, छोट्या लाईनच्या रुळांमधल्या अंतराइतकी. खरी छोटी लाईन तेव्हा ठिकठिकाणी उखडून मोठी होत होती. माधवरावांच्या वाट्याची मात्र इथं शाबूत होती.

आम्ही लवकर पोचलो होतो. माधवराव जुना पांढरा युनिफॉर्म घालून, टोपी चढवून, काखेत हिरवा आणि लाल बावटा घेऊन उभे होते. मला आणि मकरंदला त्यांनी आधीच एक चक्कर मारून आणली. विळुपुरम जंक्शनला वाट दुभंगलेली. चिदंबरमला तगर. मायावरमला अबोलीचा नुसता भडका उडालेला. कुंभकोणमला विड्याचा वेल. "आपल्या दारास आलीं तीं पानें हींच," ते म्हणाले. प्रत्येक स्टेशनावर येणाऱ्यानं एक फूल तोडावं, अशी त्यांची परवानगीच होती. मला हे फार आवडलं, कारण पूजेसाठी लोकांच्या कुंपणावरून फुलं तोडायची आमच्या घराण्याला जुनी खोड आहे.

फक्त शेवटच्या स्टेशनावर पाटी निराळी होती. तंजावर. आणि तिच्या खाली: येथे फळ तोडू नये.

तिथं लिंबाच्या जातीचं एक डेरेदार झाड होतं. त्याला जाड, खडबडीत सालीची मोठमोठी पिवळी फळं लागली होती. आपण ज्याला महाळुंग म्हणतो तसलं. तमिळमध्ये नारत्तंगाय. काही फळं पिकून खाली पडली होती, तीही कुणी उचलली नव्हती. झाडाखाली एक बाक होता, स्टेशनावर असतो तसाच, लाकडी पट्ट्यांचा.

"हे का नाही तोडायचं?" मी विचारलं. मला मनाई दिसली की आधी कारण लागतं.

माधवरावांनी खोडावरून हात फिरवला. मग म्हणाले, "हें झाड आमच्या कुटुंबाचें, सकवारबाईचें आहे. तिच्या माहेरच्या परसांतलें. तिचे वडील गेले, घर विकलें, तेव्हां विहिरीजवळचें रोप मी काढून आणिलें. तिला सांगितलें नाहीं. म्हटलें, एक दिवस चालत येईल, आपलें आपण ओळखेल. यंदा पहिल्यानें फळलें."

"मग?"

"मग काय? ती बागेंत पाऊल ठेवीत नाहीं." त्यांनी टोपी काढून हातात धरली. "रिटायर झाल्यावर तंजावरास राहूं, असें मी तिला म्हटलें होतें. मुलगा इकडे, दवाखाना इकडे, तें झालें नाहीं. तोच राग असेल. सारें मद्रास माझ्या बागेस येऊन गेलें, बाई. घरचें माणूस आलें नाहीं. तिनें एकदां यावें, मग बागेचें काय व्हायचें तें होवो."

मला भरून आलं. मकरंदनं माझ्याकडे बघून डोळे वटारले. त्याचा अर्थ, 'यात तू पडू नकोस.' इतक्या वर्षांत त्याला कळायला हवं होतं की मी पडणार.

घराच्या मागच्या बाजूला सकवारबाई चुलीशी होत्या. ठेंगण्या, गोऱ्या, जरीकाठी नऊवारी, नाकात दोन्ही बाजूंना चमक्या, केसांत ताजा गजरा. येणाऱ्या सगळ्या लोकांसाठी चिंचभात आणि दहीभात त्या एकट्या करत होत्या आणि कुणाला पातेल्याला हात लावू देत नव्हत्या. मला मात्र केळीची पानं पुसायला बसवलं. शेजारणी सांगत होत्या की या दरवर्षी असंच राबतात, सगळ्यांना पोटभर वाढतात आणि शिट्टी होऊन लोकांची रांग, म्हणजे माधवरावांची 'गाडी', बागेत सुटायच्या वेळी ओट्यावर येऊन उभ्या राहतात. पुढं एक पाऊल टाकत नाहीत.

शेजारणी पाणी आणायला गेल्या तसं मी विचारलंच. "काकू, तुम्ही बागेत का नाही हो येत?"

"मजला कोणीं बोलाविलें?"

मी हसले. त्या हसल्या नाहीत.

"थट्टा नव्हे गे," त्या म्हणाल्या. "पहिल्या वर्षीं बोलावण्याचें ताट मींच लावून दिलें. कुंकूं मींच भरलें, पानें मींच पुसलीं. अंघोळ करून, हेंच लुगडें नेसून उंबऱ्याशीं उभी राहिलें. म्हटलें, पहिलें बोलावणें घरांत. ताट पुढें करतील, मी कुंकूं लावून घेईन. तर हे माझ्या अंगावरून वाट काढून गेले. वाटेंत उभी कशास राहतेस, म्हणून वर मजलाच बोलले. सुतारास बोलाविलें, टपालवाल्यास बोलाविलें, ज्यांचें नांव ठाऊक नाहीं त्यांस बोलाविलें. दरवर्षीं ताट मी लाविते आणि दरवर्षीं उंबऱ्याशीं उभी राहाते."

"म्हणजे तंजावरला नेलं नाही म्हणून राग नाही?"

"तंजावरांत आतां आहे कोण? तो राग मी केव्हांच सोडिला."

माझ्या हातातलं केळीचं पान फाटलं. तिकडे तो माणूस झाडाची फळं गळू देतोय, इकडे ही बाई दरवर्षी नवं कुंकू भरतेय, आणि दोघांच्या मध्ये एक भिंत आणि स्वयंपाकघराचं दार. मला दोघांचाही असा राग आला की काय सांगू.

"अहो, मग सांगायचं त्यांना सरळ!"

"सांगून आलेलें बोलावणें कसलें? तूंही सांगायचें नाहींस. तुला माझी शप्पथ आहे."

झाली का पंचाईत! माझ्या पोटात गोष्ट राहत नाही हे आख्ख्या शाखेला ठाऊक आहे. ऑडिटर येणार असले की साहेब मला आधी जेवायला पाठवतात. मी पानं पुसत बसले आणि मनात नुसती चरफडत राहिले.

तेवढ्यात फाटकाकडून लांबलचक शिट्टी आली. सगळे तिकडे धावले. फाटकाबाहेर ही गर्दी! गावातले लोक, चेन्नईहून आलेले, कडेवरची पोरं, रंगीत काचेचे चष्मे घातलेली तरुण मंडळी. माधवराव फाटकाच्या आत ताठ उभे. त्यांनी हिरवा बावटा उलगडला. मी मागं वळून पाहिलं. सकवारबाई हात पुसत ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या, गजरा नीट केलेला, पदर सावरलेला.

"थांबा!" मी ओरडले.

मकरंदनं कपाळावर हात मारला.

"काय झालें?" माधवराव दचकले. सुटणारी गाडी अशी कुणी थांबवलेली त्यांना कशी चालेल?

"तुम्ही सगळ्यांना बोलावलंत ना? कुणी राहिलं तर नाही? मी आपलं सहज विचारते."

त्यांना तो अपमानच वाटला. "माझ्याकडून बोलावणें राहील काय, बाई?" असं म्हणून ते बोटांवर मोजत सुरू झाले. स्टेशनमास्तर झाला, टपालवाला झाला, देवळातले गुरुक्कळ झाले, चहाच्या दुकानाची अम्मा, अण्णा नगरची सगळी इमारत, वॉचमनसुद्धा. "अरुणास बोलाविलें. सूनबाईस, देविकेस, वेगळें बोलाविलें."

"मुलाला पण ताट घेऊन?"

"अर्थात. त्याचें घर निराळें आहे."

"म्हणजे निराळ्या घरचा असेल त्यालाच बोलावणं?"

"मग? आपल्याच घरच्या माणसास कोण..."

ते तिथंच थांबले. मोजायला धरलेलं बोट तसंच राहिलं. हळूच त्यांनी मान वळवली आणि ओट्याकडे बघितलं. सकवारबाई दुसरीकडे बघत होत्या, म्हणजे सगळं ऐकत होत्या.

माधवरावांनी बावटे मकरंदच्या हातात कोंबले आणि घराकडे निघाले. गर्दीतून कुजबुज सुरू झाली. ते बायकोच्या बाजूनं आत गेले, आणि आतून डबे आपटल्याचे आवाज यायला लागले. ताट त्यांनी आजवर कधी स्वतः लावलेलं नव्हतं. करंडा कुठं, सुपारी कुठं, काय कळणार? एक झाकण घरंगळत बाहेर आलं. सकवारबाई जागच्या हलल्या नाहीत. मदत केली असती तर ते पुन्हा त्यांनीच लावलेलं ताट झालं असतं.

शेवटी माधवराव ताट घेऊन मागच्या दारानं बाहेर पडले. घराला वळसा घालून पुढं आले आणि पाहुण्यासारखे ओट्याच्या पायऱ्या चढले. शर्टावर कुंकू सांडलं होतं. पानांतलं एक उलटं ठेवलेलं. ज्या बाईला ते जन्मभर अगे-तुगे करत आले, तिच्यासमोर ते टोपी नीट करून उभे राहिले.

"सकवारबाई," ते म्हणाले, "मी माधवराव गार्ड. आज आमच्या बागेस आपण यावें. अगत्य करून यावें." मग आवाज एकदम खाली आला. "उशीर झाला. फार उशीर झाला."

सकवारबाईंनी करंड्यात बोट बुडवलं. कुंकू जरा तिरकं लागलं. त्यांनी पान उचललं, उलटं होतं ते सुलटं केलं.

"गर्दी पुष्कळ दिसते," त्या म्हणाल्या.

"आहे. पण आपली जागा राखून ठेविली आहे."

गर्दीतून कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं, "गार्ड सार, सिग्नल किडैच्चाच्चा?" सिग्नल मिळाला का, म्हणून. सगळे हसले, टाळ्या वाजल्या. मी हसत होते आणि रडतही होते, आणि विजयालक्ष्मी मला, काय झालं, काय झालं, म्हणून विचारत होत्या. मराठीतलं त्यांना काही कळलं नव्हतं, तरी त्यांचेही डोळे भरलेले होते.

माधवरावांनी शिट्टी दिली, मकरंदनं हिरवा बावटा हलवला. असा मन लावून हलवला की कारखान्यात त्यानं इतकं मन लावलं असतं तर केव्हाच वरची जागा मिळाली असती. सकवारबाई पुढं, बाकी आम्ही सगळे मागं. ती वाट एक मीटरचीच. दोन माणसं शेजारी चालली तर एकाचा पाय वाफ्यात जातो. माधवराव बायकोच्या शेजारून वाफ्यातून चालले. दरवर्षी वाफ्यात पाय पडला की लोकांवर शिट्टी वाजवणारे, ते स्वतः पांढऱ्या पँटीनं चिखल तुडवत निघाले होते.

सकवारबाईंची टीका तांबरमपासून सुरू झाली. कर्दळीला पाणी जास्त होतंय. चेंगलपट्टूचा जास्वंद छाटायला झालाय. विळुपुरमला त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "येथें मजला गाडींत ओकारी होत असे." कुंभकोणमला पानाचा वेल बघून, "ह्यास आधार असा देतात काय?" माधवराव प्रत्येक बोलण्यावर "होय, होय" म्हणत होते आणि त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला वाटलं, हा माणूस उद्या सगळी झाडं उपटून तिच्या म्हणण्याप्रमाणे पुन्हा लावील.

तंजावर आलं. पाटी सकवारबाईंनी वाचली. मग झाडाकडे बघितलं. एक पान तोडून त्यांनी बोटांत चुरगळलं, नाकाशी धरलं. कितीतरी वेळ धरलं.

"हें विहिरीजवळचें," त्या म्हणाल्या.

"होय."

"आप्पांनीं लाविलेलें."

"त्याचेंच रोप. ब्रेकव्हॅनमधून आणिलें."

"आणि मजला सांगितलें नाहीं?"

"तुम्हीं आपलें आपण ओळखावें म्हणून."

"ओळखायास आधीं बोलवावें लागतें," सकवारबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. मग पाटीकडे ढुंकूनही न बघता एक पिवळं फळ पिरगळून तोडलं, दुसरं तोडलं, पदर पसरून भरायला लागल्या. "इतकीं खालीं वायां घालविलीं. ह्याचें लोणचें घातलें असतें तर सारें गांव जेवलें असतें. कोणी मीठ आणा गे!" विजयालक्ष्मींना मीठ तेवढं कळलं, त्या घराकडे पळाल्या. फळं आम्हा सगळ्यांच्या हातांत आली. त्या वासाचं महाळुंग मी पुन्हा कुठं बघितलं नाही.

लोक परतायला लागले. परतीच्या गाडीचीही रीत होती. माधवराव तंजावरला शिट्टी देत, लाल-हिरवा दाखवत आणि सगळ्यांना उलट्या क्रमानं एग्मोरपर्यंत सोडत. त्यांनी सवयीनं शिट्टी तोंडाशी नेली.

सकवारबाई बाकावर बसल्या होत्या, ओटीत फळं. "ती गाडी जाऊं द्या," त्या म्हणाल्या. "मी तंजावरास उतरलें."

माधवरावांनी शिट्टी खाली घेतली. टोपी काढून बाकावर ठेवली आणि ते तिच्या शेजारी बसले. त्या दिवशी परतीची शिट्टी काही झाली नाही. आम्ही सगळे आपापले चालत एग्मोरला परत आलो.